भोपळा कोणी कापावा?

सिल्वासाला बदली होऊन आलो त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. बाजारात जाऊन मी आपली सवयीने दुदी मागितली. भाजीवाल्या बाईने एक लांबलचक हिरवागार दुध्या उचलून पिशवीत टाकला. मी म्हटले, ही नव्हे, ती तांबडी. "तो कोळुं बोलो ने!" ती हसून म्हणाली. झाले! आम्हा गोवेकरांची जी दुदी, ती पुण्या-मुंबईत तांबडा भोपळा, कुठे डांगर, कुठे गंगाफळ, विदर्भात कोहळे, आणि इथे गुजरातीत कोळुं. बरे, इथे डांगर म्हणावे तर गुजरातीत त्याचा अर्थ भात, म्हणजे शेतातली साळ. एका फळाने माणसाची किती फजिती करावी!

असो. आज नावांवर लिहायचे नाही. आज लिहायचे आहे ते त्यानंतर जे घडले त्यावर. त्या बाईने पुढ्यातला अख्खा भोपळा मांडीजवळ ओढला, कोयता उचलला आणि एका घावात त्याचे दोन तुकडे केले. मी दचकलो. मग माझे मलाच हसू आले, आणि नंतर लाज वाटली. कारण चाळिशी उलटेपर्यंत मी बाईमाणसाला अख्खा भोपळा कापताना पाहिलेच नव्हते.

आमच्या घरात, आणि ओळखीच्या पुष्कळ घरांत, अख्ख्या भोपळ्यावर पहिला घाव पुरुषाने घालायचा अशी रीत आहे. वाचकांपैकी अनेकांना ही ठाऊक असेल. ज्यांना नाही त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारून पाहावे. वडील होते तोवर आई भोपळा आदोळीपाशी आणून ठेवायची आणि हाक मारायची. बाबा हातातले वर्तमानपत्र बाजूला ठेवून यायचे, एक घाव घालायचे, हात धुवायचे आणि पुन्हा अग्रलेखाकडे वळायचे. पुढचे सगळे आईचे. साल, बिया, चिरणे, किसणे, फोडणी, तळणे, वाढणे आणि शेवटी भांडी. बाबांनंतर तो मान माझ्याकडे आला आणि मीही तो बिनतक्रार भोगला. फुकटचा मान कोणाला नको असतो?

बाबा गेले, माझी बदली झाली, मुलीच्या शाळेसाठी बायको-मुलगी पणजीला राहिल्या, आणि आई गावच्या घरी एकटी. परसात भोपळ्याचा वेल ती दर पावसाळ्यात लावते. सवय आहे, आणि वेलही असा की एकदा धरला की कुंपण, शेणखळी, गोठ्याचे छप्पर सगळे व्यापून टाकतो. दोन वर्षांपूर्वी चतुर्थीला गेलो तर आईच्या खाटेखाली पाच भोपळे रांगेने ठेवलेले. एक तळाकडून मऊ पडून पाझरू लागला होता. मी विचारले, खाल्ले का नाहीस? ती सहज म्हणाली, "तूं येतकच कापूंया म्हटलें."

मी सिल्वासाहून येईन तेव्हा! म्हणजे वर्षातून दोनदा.

मधल्या काळात अगदीच इच्छा झाली तर काय करायची तेही कळले. शेजारचा सात वर्षांचा पोरगा बोलावून आणायचा. त्याने आदोळीवर भोपळा धरायचा, त्याच्या हातांवर आईने आपले हात ठेवायचे आणि जोर आईने लावायचा. घाव मात्र त्याचा! पन्नास वर्षे जिने ते घर चालवले, सासूची दुखणी काढली, नवऱ्याची शेवटची आजारपणे निभावली, तिला आपल्याच हाताने लावलेल्या वेलाचे फळ खायला सात वर्षांच्या पोराची परवानगी लागते. मित्रहो, याला तुम्ही संस्कृती म्हणणार असाल तर खुशाल म्हणा. मी म्हणणार नाही.

आता या रीतीच्या बाजूने जे बोलले जाते ते एकेक पाहू.

पहिला मुद्दा: भोपळा हा थोरल्या मुलासारखा, आईने आपल्या मुलावर सुरी कशी चालवावी? माझी आजी हेच सांगायची. ऐकायला फार हळवे वाटते. पण मग बापाने चालवलेली चालते ती कशी? आणि दोन तुकडे झाल्यावर त्याच 'मुला'ला किसायला, मोहरीची फोडणी द्यायला आणि उकळत्या तेलात सोडायला आई कशी चालते? माया फक्त पहिल्या घावापुरतीच का?

दुसरा मुद्दा: ही प्राचीन परंपरा आहे. इथे जरा थांबू या. आपला जुना, धर्मकार्यातला भोपळा म्हणजे पांढरा कोहळा, संस्कृतातले कूष्मांड. तो आशियातलाच. पशुबळीच्या जागी कोहळा फोडायची रीत जुनी आहे, आणि बळी देणे हे पुरुषाचे काम मानले गेले, म्हणून कोहळ्याचा घावही पुरुषाचा. इथवर एक संगती तरी लागते. पण तांबडा भोपळा? तो मुळात अमेरिका खंडातला. कोलंबस 1492 मध्ये तिकडे पोचला त्यानंतर मिरची, बटाटा, काजू यांच्यासारखाच तो समुद्रमार्गे आपल्याकडे आला. ज्या पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि 1783 मध्ये मराठ्यांकडून ही नगर हवेली मिळवली, त्यांच्याच काळातला हा पाहुणा. माझा तर्क असा की कोहळ्याची रीत आपण रूपसाम्यामुळे या पाहुण्याच्या गळ्यात बांधली. म्हणजे ज्याला आपण सनातन म्हणून कवटाळतो ते मुळात दुसऱ्या फळाचे उसने नियम आहेत! आणि कोहळ्याचेच म्हणाल, तर नवरात्रात चौथ्या दिवशी जिची पूजा होते त्या देवीचे नावच कूष्मांडा. देवीने नावात मिरवलेले फळ बाईच्या हाताने विटाळते, हे कोणत्या शास्त्रात बसते?

तिसरा मुद्दा: अहो, ते टणक असते, बायकांना जोर लागतो. हे म्हणणाऱ्याने एकदा विहिरीवरून भरलेली कळशी आणून दाखवावी. नारळ कोण फोडतो, कोण किसतो? चतुर्थीच्या आधी पाच-पाच नारळांचे खोबरे आदोळीवर खवणारी बाई भोपळ्यापुढे दुर्बळ कशी होते? आणि आपल्या लहानपणीची ती म्हातारी आठवा. लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन, भोपळ्यात बसून वाघाला चकवत घरी परतणारी. त्या गोष्टीत भोपळा देते ती लेक. आत म्हातारी मावेल एवढा भोपळा कोणीतरी कापून पोखरलाच असणार ना? त्यासाठी जावयाला हाक मारल्याचे मी तरी कधी ऐकले नाही.

चौथा मुद्दा सर्वांत लबाड: आता कोण पाळतो हे? शहरात तर फोडच आणतात. बरोबर. पण याचा अर्थ रीत मेली असा नाही. ती सोय बाजाराने करून दिली एवढेच. पाव किलोची फोड पिशवीत घालताना कोणी विचारत नाही की पहिला घाव कोणाचा होता. मी इथे त्या बाईला विचारले. तिने माझ्याकडे, सायबाला उन्हे लागली असावीत, अशा नजरेने पाहिले. "हुं ज कापुं ने, बीजुं कोण?" मीच कापते, दुसरे कोण? सिल्वासाच्या बाजारात खेड्यापाड्यांतून येणाऱ्या या बायका दिवसभर भोपळे फोडतात आणि तेच आपण सोवळ्याने शिजवतो. म्हणजे कष्टकरी बाईच्या घावाने काही बिघडत नाही. आपल्या आईच्या घावानेच तेवढे अमंगल होते. हा ढोंगीपणा नव्हे तर काय?

मी इथे एकटा राहतो, म्हणून स्वयंपाक शिकलो. सुरुवात खिचडीने झाली, पण खरा गुरू भेटला तो भोपळा. याच्याएवढी सोशिक भाजी नाही. स्वस्त, अख्खा असेल तर कित्येक महिने टिकणारा आणि फेकायला काहीच नाही. चुकलो तर तो सांभाळून घेतो. आईला फोन करून करून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, कारण नुसती भांडणे मांडून वाचकाला उपाशी पाठवणे बरे नव्हे.

भाजीला साल काढू नये. मोठ्या फोडी, तेलावर मोहरी, चार मेथीदाणे, हिंग, हिरवी मिरची. वर ताट, ताटात पाणी. आत पाण्याचा थेंब नको, भोपळा स्वतःच सुटतो. शेवटी मीठ, सुपारीएवढा गूळ आणि मूठभर ओले खोबरे. फोड मोडता कामा नये आणि दाताला लागताही कामा नये.

घारग्यांना दोन वाट्या कीस, एक वाटी चिरलेला गूळ. दोन्ही एकत्र शिजवून कच्चा वास जाऊ द्यावा, मग पूर्ण गार करावे. त्यात चिमूटभर मीठ, जायफळ आणि मावेल तेवढी कणीक, सोबत मूठभर तांदळाचे पीठ. पाणी अजिबात नाही. मळलेले फार वेळ ठेवले तर गुळाने सैल पडते आणि मग पुन्हा पीठ घालत बसावे लागते. माझे पहिले घारगे असेच फसले. ते चामड्यासारखे झाले होते, पण कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी बिचाऱ्यांनी चघळले.

उरलेली फोड उकडून, कुस्करून, दह्यात भरीत. वर तुपाची जिऱ्याची फोडणी दिली की उपासालाही चालते; अमेरिकेतला पाहुणा एकादशीला पाटावर! खतखत्यात त्याचा गोडवा तिरफळाचा तिखटपणा पेलतो. सालीची तीळ घालून चटणी होते, बिया धुऊन वाळवून भाजल्या की संध्याकाळच्या चहाला होतात.

आणि फुले. भोपळ्याची फुले पिठात बुडवून तळलेली ज्याने खाल्ली नाहीत त्याने पावसाळा अर्धाच पाहिला. पण तोडताना पाहून तोडावी लागतात. ज्या फुलाच्या बुडाशी इवलासा गोल भोपळा असतो ते मादी फूल, त्याला हात लावायचा नाही. नुसत्या लांब देठावर उभे असते ते नर. वेलावर नर फुले भाराभर येतात. परागासाठी थोडी ठेवून बाकीची तळायची. हे मला आईने फोनवर शिकवले. वेलातले नर-मादी जिला देठ पाहून कळते, परागाचा हिशोब जी डोक्यात ठेवते, तिला फळ कापायचा अधिकार नाही. तो अधिकार कोणाला? ज्याला दुध्या आणि दुदी यांत बाजारात गोंधळ होतो त्याला, म्हणजे मला!

काहीजण म्हणतील, म्हातारीच्या श्रद्धेला कशाला हात लावता? तिला त्रास होत नाही ना? होतो. खाटेखाली पाझरणारा भोपळा मी माझ्या हाताने उचलून टाकला आहे. आणि श्रद्धा तिची असेलही, पण तिचा फायदा माझा होता. ज्याचा फायदा त्यानेच आधी बोलले पाहिजे. आईने ही रीत मोडावी असा हट्ट मी धरणार नाही. मी माझा मान परत करणार एवढेच.

गेल्या चतुर्थीला ते केले. माटोळीचा भोपळा सोडवला तेव्हा आईने सवयीने हाक मारली. मी आदोळी तिच्यापुढे सरकवली आणि म्हटले, तूच काप. तिने भोपळ्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाली, "मागीर." नंतर. आणि उठून दिवा लावायला गेली. मला वाटले, हरलो. तेवढ्यात नववीतली माझी मुलगी आली, पाय दुमडून आदोळीवर बसली, आणि दोन-तीनदा घसरत, अडखळत तिने तो भोपळा फोडला. आई दारात उभी राहून पाहत होती. काहीच बोलली नाही. फक्त एवढेच म्हणाली की बोट सांभाळ.

किसायला मी बसलो. घारगे मी तळले. आईने दोन खाल्ले आणि मीठ कमी पडल्याचे सांगितले. खरेच कमी पडले होते.

तेव्हा गोव्यातल्या माझ्या पुरुष वाचकांना एकच सांगणे. येत्या चतुर्थीला घरातून हाक येईल, तेव्हा जरूर उठा. घाव घालायचा असेल तर घाला. पण मग त्याच पाटावर बसून साल काढा, कीस करा, तेल तापवा, वाढा आणि कढई घासा. हे सगळे करायची तयारी नसेल तर आदोळी ज्याची आहे तिच्या हाती द्या आणि वाटेतून बाजूला व्हा. आणि गावात आई एकटी असेल तर आज रात्री फोन करून एवढेच विचारा, खाटेखाली किती भोपळे आहेत?