आडवा शॉकअप

परभणीहून जिंतूरकडे निघाले की वाटेत झरी लागते. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तिच्यात कापूस, तूर, सोयाबीन. ही जमीन उन्हाळ्यात आकसून पाय अडकेल एवढ्या भेगा पाडते आणि पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते. अशा जमिनीवरचा डांबरी रस्ताही मग तिच्यासोबत उठतो-बसतो. मध्येच एक लाट, मध्येच एका बाजूचा खचका, आणि कडेला डांबरापासून वीतभर खाली गेलेली साईडपट्टी. समोरून लादलेली ट्रॉली आली की डावी चाके खाली उतरवावी लागतात आणि परत वर चढताना स्टिअरिंगला जो हिसका बसतो तो मनगटालाच कळतो. ट्रॅक्टरला, जीपला हे रोजचेच आहे. पलंग, ओटा, सिलिंडर, संडास आणि पाण्याची टाकी घेऊन निघालेल्या गाडीला मात्र हा हिसका महागात पडतो.

अशा गाड्या आता मराठवाड्यातही दिसू लागल्या आहेत. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा डोळ्यांसमोर कोकणचा किनारा आणि थंड हवेची ठिकाणे असणार. पण परळी वैजनाथ, जनाबाईंचे गंगाखेड, परभणी, झरी, जिंतूर आणि पुढे लोणार हीसुद्धा घर घेऊन फिरण्याजोगी वाट आहे. आडवाटेला औंढा नागनाथ, चारठाण्याची जुनी मंदिरे, येलदरीचे धरण. गाडी कंपनीने बांधलेली असो की कुणी जुन्या प्रवासी गाडीवर हौसेने उभारलेली, तिची पहिली तक्रार एसीची किंवा फ्रिजची नसते. ती स्टिअरिंगची असते. आणि हल्ली मालक तक्रारीसोबत औषधही घेऊन येतो. खोक्यात स्टिअरिंग स्टॅबिलायझर, सोबत क्लॅम्प आणि चार नटबोल्ट. ‘मी स्वतःच बसवणार होतो, फक्त पाना द्या,’ असेही सांगतो.

त्याला पाना जरूर द्यावा. बसवण्याचे काम खरोखर तासाभराचे आहे. त्याआधीची तपासणी मात्र मिस्त्रीची आहे. ती झाल्याशिवाय खोके उघडू देऊ नये आणि तिचे पैसे वेगळे घ्यावेत, एवढेच या लेखाचे म्हणणे.

‘मिस्त्री, गाडी हलते’ या एका वाक्यात तीन निरनिराळे आजार असतात. पहिल्यात गाडी ठरावीक वेगाला असताना एखाद्या खड्ड्यात चाक आपटते आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना झपाझप नाचू लागते. वेग उतरवल्याशिवाय ते थांबत नाही. दुसऱ्यात काही नाचत नाही, पण सरळ रस्त्यावर गाडी सावकाश कधी इकडे, कधी तिकडे सरकत राहते आणि ड्रायव्हर दिवसभर तिला आवरून थकतो. तिसऱ्यात ती कायम एकाच बाजूला ओढते. साधा स्टॅबिलायझर म्हणजे आडवा लावलेला तेलाचा शॉकअप. त्याचा विरोध वेगाला असतो. दांडी जितक्या जोरात सरकेल तितका तो अडवतो, सावकाश सरकली तर जवळपास जाऊ देतो. म्हणून पहिल्या आजारावर तो चालतो, हिसकेही मऊ करतो. दुसऱ्यावर त्याचा उपयोग नाममात्र आणि तिसऱ्यावर शून्य. अमेरिकेत मोटारहोमवाले वापरतात ते सेफ-टी-प्लस किंवा ब्लू ऑक्सचे ट्रूसेंटर हे प्रकरण निराळे आहे. त्यात स्प्रिंग किंवा हवेचा दाब स्टिअरिंगला मध्यावर परत ढकलतो. दोन्ही वस्तू एकाच नावाने विकल्या जातात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

चाकांचे हे नाचणे गाडीच्या इतिहासाइतके नसले तरी शंभर वर्षे जुने आहे. १९२३ च्या सुमाराला कमी दाबाचे फुगीर टायर आले, पुढच्या चाकांना ब्रेक आले आणि गाड्यांची पुढची चाके अचानक लटपटू लागली. त्या काळी गाजत असलेल्या एका नाचाचे नाव या रोगाला पडले, शिमी. फ्रान्समधल्या ब्रुलिए नावाच्या इंजिनिअरने १९२५ मध्ये त्याचा उलगडा मांडला. एका सलग एक्सलवर बसलेली दोन चाके फिरत्या भोवऱ्यासारखी वागतात. एक चाक वर उचलले गेले की एक्सल कलतो आणि कललेला भोवरा आपली दिशा वळवतो. वळलेले चाक पुन्हा एक्सलला कलवते. दुष्टचक्र म्हणतात ते हेच, अक्षरशः. जनरल मोटर्सने १९३४ च्या गाड्यांना पुढची दोन चाके सुटी देणारे सस्पेन्शन दिले, त्यामागे आरामाइतकेच हेही कारण होते. ट्रक, जीप आणि पाट्यांवरच्या कित्येक व्हॅन यांनी मात्र सलग एक्सल सोडला नाही, कारण तो मार खातो आणि कुठेही दुरुस्त होतो.

आपल्याकडच्या मिस्त्रींना हा आडवा शॉकअप नवा नाही. १९८५ पासून रस्त्यावर असलेल्या मारुती जिप्सीत तो कंपनीकडूनच येई. जिप्सीवर हात बसलेला कुणीही सांगेल की शॉकअप बदलल्यावर नाचणे थांबते आणि किंगपिनचे बेअरिंग गेलेले असेल तर काही महिन्यांत पुन्हा सुरू होते. जीपवाल्या देशातही औषध हेच. २०१९ मध्ये फियाट-क्रायस्लरने अमेरिकेत २०१८ पासूनच्या रँग्लर आणि ग्लॅडिएटर गाड्यांना नव्या घडणीचा डँपर, म्हणजे हाच आडवा शॉकअप, मोफत बसवून देण्याची मोहीम काढली. तिथे गाड्या नव्या होत्या, सांधे घट्ट होते. दहा वर्षे चाललेल्या आणि नंतर घर झालेल्या गाडीला तो दाखला लागू पडत नाही. तिच्या सैल सांध्यांवर नवा शॉकअप घातला की नाच दबतो, पण सांधा झिजतच राहतो. फक्त आता तो ओरडून सांगत नाही.

म्हणून आधी वजन. झरी-परभणीच्या भागात कापसाची जिनिंग आहे, तिथे वजनकाटा आहे. गाडी पूर्ण लादून, टाकी भरून, माणसे बसवून न्यावी. एकदा फक्त पुढची चाके काट्यावर, एकदा फक्त मागची. आकडा कंपनीने दिलेल्या एक्सलच्या मर्यादेशी ताडून बघावा. एक साधा हिशेब करून बघण्यासारखा आहे. दोन एक्सलमध्ये साडेतीन मीटर अंतर आहे आणि हौशी मालकाने २०० लिटरची टाकी मागच्या एक्सलच्याही मागे एक मीटरवर टांगली. मागच्या एक्सलवर २५७ किलो चढतात आणि पुढचा ५७ किलोंनी हलका होतो. शिवाय शेपूट बसल्याने नाक वर जाते, म्हणजे किंगपिनचा मागचा झुकाव वाढतो. तो फार वाढला तर नाचण्याला खतपाणीच मिळते. अशा गाडीला स्टॅबिलायझर लावण्याआधी टाकी दोन एक्सलच्या मध्ये आणून बघावी. खर्च चार पट्ट्यांचा.

मग टायर. घराच्या गाडीचे टायर झिजून जात नाहीत, वय होऊन जातात. बाजूवर आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा महिने अंगणात उभ्या गाडीच्या टायरला खालून चपटा भाग पडतो आणि तो थेट स्टिअरिंगमध्ये जाणवतो. नक्षी नवीकोरी दिसते म्हणून मालक ऐकत नाही. समृद्धी महामार्गावरच्या सिमेंटवर तासन्‌तास एकाच वेगाने धावणाऱ्या टायरांची चर्चा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून थांबलेली नाही. टायर फुटला तरी गाडी सरळ राहील, हे स्टॅबिलायझरच्या खोक्यावरचे आश्वासन त्या रस्त्यावर जाणाऱ्याने जपूनच वाचावे.

यानंतर सांधे. चाके जमिनीवरच ठेवून, पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू, पोरग्याला स्टिअरिंगवर बसवावे आणि अकरा ते एक एवढेच हलवत राहायला सांगावे. मिस्त्रीने खाली सरकून एकेका सांध्यावर बोटे ठेवावीत. डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना कळते. टाय रॉड एन्डमध्ये ‘टक’ लागते, दांडी हलते आणि पुढची तिच्यामागून उशिरा निघते. स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट आणि चासीचा तो भाग बघावा. गंजाच्या बारीक लाल पुडीची रेघ असेल तर तिथे हालचाल आहे. पाट्यांचे बुश, यू-बोल्ट. शेवटी एक्सल घोडीवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवावे. प्ले दिसला तर पोरग्याला ब्रेक दाबायला लावावा. प्ले नाहीसा झाला तर चाकाचे बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन. हे सगळे अर्ध्या तासात होते. ग्राहकाला खाली बोलावून त्याच्याच बोटाला ती ‘टक’ लावून द्यावी, म्हणजे पुढचे बिल समजावत बसावे लागत नाही.

इतके करूनही खड्ड्यातला हिसका जड वाटत असेल तर खोके उघडावे.

इथे आपल्या जुगाडाबद्दल दोन शब्द. मागच्या फळीवर पडलेला एखादा शॉकअप आडवा लावून भागवण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. उभा चालायला बनवलेला दुहेरी नळीचा शॉकअप आडवा झाला की बाहेरच्या नळीतली हवा खालच्या व्हॉल्व्हपर्यंत येते, तेलाऐवजी हवा आत ओढली जाते आणि मधला थोडा प्रवास पोकळ होतो. नाच नेमका त्याच थोड्या प्रवासात असतो. दुसरे, चाकाचा शॉकअप दबताना हलका आणि ताणताना जड असतो. तोच स्टिअरिंगला लावला तर डावे वळण सोपे, उजवे जड. स्टिअरिंगचा डँपर दोन्हीकडे सारखा असतो. तिसरे, गॅस भरलेला. १४ मिमी जाडीच्या दांडीवर १० बारचा दाब असेल तर ती सुमारे १५ किलोच्या जोराने सतत बाहेर ढकलत राहते. ओढ नसलेल्या गाडीला ओढ लागते आणि मग सगळे अलाइनमेंटवाल्याच्या नावाने खडे फोडतात.

बसवताना सर्वांत महत्त्वाचे हत्यार म्हणजे खडू आणि टेप. गाडी सपाट जागी, वजन चाकांवर. टाय रॉडवर जिथे क्लॅम्प येणार तिथे खडूची खूण करून तिच्यातून ओळंबा सोडावा. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, आणि ओळंब्याखाली जमिनीवर दोन फुल्या. समजा त्यांच्यात २२० मिमी आले. मग डँपरचा प्रवास दोन्ही टोकांना दहा-पंधरा मिमी शिल्लक धरून २५० च्या आसपास हवा आणि चाके सरळ असताना दांडी बरोबर अर्धी बाहेर हवी. डँपर आधी संपला आणि स्टिअरिंगचा स्टॉप नंतर आला, तर वळणावर गाडी वळायची थांबते. त्या क्षणी समोर काय असेल ते सांगता येत नाही. म्हणून बोल्ट आवळण्याआधी दांडीला एक रबर चढवावे, दोन्ही लॉकपर्यंत वळवून बघावे आणि रबर कुठवर सरकले ते मोजावे.

दुसरी गोष्ट कोनाची. डँपर टाय रॉडच्या हालचालीच्या शक्य तितका समांतर हवा. जागा नाही म्हणून तो ३० अंशांत तिरपा लावला तर त्याचा पाऊण परिणाम उरतो; ४५ अंशांत निम्मा. कोन दुहेरी खातो: दांडी कमी सरकते आणि तिच्या जोराचाही थोडाच भाग कामाला येतो. त्यापेक्षा ब्रॅकेट पुन्हा बनवावे. पण बनवताना टाय रॉडला किंवा एक्सलला वेल्डिंगचा टाकाही लावू नये. तापलेल्या पोलादाला तडा कधी जाईल ते बाहेरून दिसत नाही. क्लॅम्पच वापरावा, आणि तो ब्रेकच्या होजला आणि पाट्याला पूर्ण लॉकमध्ये, गाडी खड्ड्यात दबल्यावरही घासणार नाही हे पाहावे.

कायद्याचेही एक वाक्य ग्राहकाला सांगून ठेवावे. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ आरसी बुकातल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलाला मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर कडक शिक्का मारला. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. घर उभारलेली गाडी त्या रीतसर नोंदीत आहे का, हा प्रश्न डँपरच्या आधीचा आहे आणि त्याचे उत्तर गॅरेजात मिळत नाही. मिस्त्रीने आपल्या बिलावर काय तपासले, काय बदलले आणि ग्राहकाने काय नको म्हटले, हे तीन ओळींत लिहून त्याची सही घ्यावी.

बसवून झाले की क्लॅम्पवरून टाय रॉडवर उतरणारी पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ मारावी. मालकाला गाडी लादून जिंतूरपर्यंत नेऊन आणायला सांगावे, साईडपट्टीवर दोन-तीनदा मुद्दाम उतरवून चढवायला सांगावे. परत आल्यावर खाली वाकून ती रेघ बघावी. सलग असेल तर नट पुन्हा एकदा आवळून गाडी सोडावी. तुटलेली असेल तर क्लॅम्प घसरतो आहे, आणि मध्यही हललेला आहे. ओळंबा पुन्हा काढावा.