लाइन कुठली, बेटा?

या सदरात आपण दर महिन्याला आपल्या घरांत रुळलेला एक इंग्रजी शब्द घेतो. या वेळचा शब्द माझ्या एका चुकीमुळे ठरला. शब्द आहे ‘लाइन’.

माझी भाची लातूरच्या ट्यूशन एरियात राहून ‘नीट’ची तयारी करते. बारावीनंतरचं तिचं हे दुसरं वर्ष. मध्यंतरी एका रात्री इशाच्या नमाजनंतर तिचा फोन आला. इकडे नांदेडला पाऊस, वीज गेलेली, आवाज तुटत होता. ती म्हणाली, “मामू, मेरेको लाइन बदलनी है.”

मी म्हणालो, “हां बेटा, लाइन खराबच है. दूसरे नंबर से लगा.”

ती क्षणभर गप्प राहिली. मग “ठीक है मामू” म्हणून तिने फोन ठेवला. दुसऱ्या नंबरवरून काही फोन आला नाही आणि मीही विसरून गेलो. चार दिवसांनी आपाकडून कळलं की पोरगी नीट जेवत नाही, कोणाशी बोलत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती फोनच्या लाइनबद्दल बोलतच नव्हती. इंग्रजी शिकवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि चार अक्षरांच्या शब्दाने मला चकवलं.

त्या दिवशी मी घरात कान देऊन बसलो. सकाळी बायको म्हणाली, “लाइन गेली, मोटर लावायची राहिली.” ही विजेची लाइन. ती दुरुस्त करायला येतो तो लाइनमन. शेजारी बांधकाम चाललंय, तिथला गवंडी पोऱ्याला ओरडला, “लाइनदोरी ताणून धर!” दुपारी मुलगी शिलाईच्या दुकानातून आली, “कुर्त्याला लाइनिंग लावायचं का, असं विचारतायत.” संध्याकाळी मुलगा क्रिकेट बघता बघता म्हणाला, “याची लाइन आणि लेंग्थ बिघडलीय.” रात्री मोबाइलवर कोण ऑनलाइन आहे याची चर्चा. टवाळ पोरांच्या तोंडी या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, तो तुम्हाला ठाऊक आहे, इथे लिहीत नाही.

एका शब्दाला इतके अर्थ आले कुठून? याचं मूळ आपल्या शेतात सापडतं. लॅटिन भाषेत ‘लिनम’ म्हणजे जवस. होय, आपण ज्याची चटणी करतो तेच जवस, अलसी. त्याच्या खोडातून निघणाऱ्या धाग्याला ‘लिनिया’ म्हणत. ताणलेला धागा सरळ दिसतो, म्हणून पुढे सरळ रेघेलाही तोच शब्द लागला आणि इंग्रजीत त्याची ‘लाइन’ झाली. याच जवसापासून लिनन हे कापड आलं. कपड्याला आतून हे कापड लावत, म्हणून अस्तराला लाइनिंग म्हणू लागले. शास्त्रज्ञांनी जवसाला दिलेलं नाव आहे ‘लिनम युसिटाटिसिमम’, म्हणजे अतिशय उपयोगी जवस. तेव्हा मूळ अर्थाच्या सगळ्यांत जवळ कोण आहे? माझ्यासारखा मास्तर नव्हे, लाइनदोरी धरणारा गवंडी.

आपल्या बोलीत या एका शब्दाच्या कामासाठी कितीतरी शब्द आहेत. मराठीत वहीवर रेघ, पुस्तकात ओळ, माणसांची रांग, जेवणाऱ्यांची पंगत. उर्दूत लकीर, सतर, कतार आणि सफ. इंग्रजीची ‘लाइन’ यातल्या बहुतेकांची जागा घेते. म्हणून सोय होते, आणि म्हणूनच घोटाळाही होतो.

लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर ही एकेकाळची बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज लाइन. पुढे ती ब्रॉडगेज झाली. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे १२ एप्रिलला लातूरला पोचली. त्या पहिल्या फेरीत १० वाघिणींमध्ये सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनाला जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं होतं. म्हणजे पाणी आलं रेल्वेच्या लाइनने, पुढे गेलं पाइपलाइनने आणि टँकरने, आणि शेवटी त्यासमोर उभी राहिली घागरींची लाइन. या तिन्ही लाइनींचा अर्थ त्या उन्हाळ्यात लातूरच्या लहान पोरालाही कळत होता.

आता भाचीच्या लाइनकडे येऊ. आपल्याकडे दहावी झाली की पहिला प्रश्न, “कोणती लाइन घेतली?” इंग्रजीत ‘लाइन ऑफ वर्क’ म्हणजे कामाचं क्षेत्र, त्यातलाच हा अर्थ. पण आपण तो बोलतो तेव्हा मनात रेल्वेचा रूळ असतो. गाडी एकदा रुळावर चढली की डावीकडे नाही, उजवीकडे नाही. मेडिकल लाइन म्हणजे मेडिकलच. पोर मध्येच उतरायचं म्हणाली तर घरात अपघात झाल्यासारखी धावाधाव होते.

याच शब्दाचा आणखी एक नातेवाईक आहे, ‘डेडलाइन’. आपण त्याचा अर्थ शेवटची तारीख असा घेतो. पण हा शब्द अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या तुरुंगांतून आला. १८६४ साली जॉर्जिया राज्यातल्या अँडरसनव्हिल इथे कैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. तिचं नाव डेडलाइन. आपली मुलं परीक्षा, अर्ज आणि निकालांच्या डेडलाइनमध्ये जगतात. त्यांना घरातून कोणीतरी सांगायला हवं की बेटा, ही तारखेची रेघ आहे, त्या छावणीतली नाही. ही हुकली तर वर्ष जातं. वर्षापेक्षा तू मोठी आहेस.

इंग्रजीत एक वाक्प्रचार आहे, ‘रीड बिटवीन द लाइन्स’. ओळींच्या मधलं वाचणं, म्हणजे न बोललेलं ओळखणं. तो मी दरवर्षी वर्गात शिकवतो. पण “ठीक है मामू” म्हणण्याआधीची तिची ती क्षणभराची शांतता मला वाचता आली नाही.

पुढच्या रविवारी मी लातूरला गेलो. तिला बाहेर जेवायला नेलं आणि विचारलं, “लाइन कुठली, बेटा?” आधी ती रडली, मग बोलली. तिला हिशोबाची आवड आहे, सी.ए. करायचंय. पण अब्बूंनी दुकानाच्या कमाईतून इतके पैसे घातलेत, आता कोणत्या तोंडाने सांगू, हे तिचं दुखणं. मार्कांच्या यादीत ती कितव्या नंबरवर आहे हे सगळ्यांनी विचारलं होतं. तिला काय हवंय हे विचारायचं राहिलं होतं, आणि त्यात मीही आलो.

कतार आणि सफ या दोन्हींना आपण लाइनच म्हणतो. कतारीत माणसं एकामागे एक असतात, पुढच्याचा नंबर आधी. सफेत खांद्याला खांदा लावून एकाच रेघेत उभं राहायचं असतं, मध्ये फट ठेवायची नसते. पोरगी वर्षभर कतारीत उभी होती. निदान घरात तरी तिच्या शेजारी कोणीतरी उभं राहायला हवं होतं.

दूल्हेभाईंशी मीच बोललो. ते रागावले नाहीत, नुसते गप्प झाले. या वेळची परीक्षा तर देतेच, असं भाचीने स्वतःहून सांगितलं. निकाल काहीही लागो, त्यानंतर ती सी.ए. फाउंडेशनला बसणार आहे. दोन दिवसांनी दूल्हेभाईंचा फोन आला. बराच वेळ दुकानाचं, पावसाचं बोलत राहिले. मग हळूच म्हणाले, “ये सी.ए. की लाइन कितने साल की रहती?”

या महिन्याचा गृहपाठ सोपा आहे. एका रात्री दस्तरखानावर सगळ्यांनी मिळून ‘लाइन’ किती अर्थांनी वापरली जाते ते मोजा. लहानांना यादी करू द्या. आणि मोठ्यांपैकी कोणी “माझी लाइन” असं काही बोललं, तर घास हातात तसाच ठेवून एकदा विचारा, कुठली?