आधी हात तापवा, मग फेका!

निफाड तालुक्यातली डिसेंबरची सकाळ काय चीज असते हे पुण्या-मुंबईच्या मंडळींना सांगून कळायचं नाही. राज्यात पारा सगळ्यात खाली कुठे गेला अशी बातमी आली की बऱ्याचदा आमच्याच तालुक्याचं नाव असतं. मागच्या डिसेंबरात अशाच एका सकाळी मी लासलगावला घरी होतो आणि जुन्या सवयीने मॅच बघायला ग्राउंडवर गेलो. सात वाजलेले, तोंडातून वाफ निघतेय, पोरं स्वेटर-कानटोपीत. टॉस झाला, स्वेटर काढले आणि खेळ सुरू. वॉर्म-अप? ग्राउंडला दोन राउंड. तेही निम्म्यांनीच मारले.

दुसऱ्याच ओव्हरला माझ्या मामेभावाने बाउंड्रीवरून थ्रो केला. वय सोळा, आमच्या आळीतला सगळ्यात जोरदार हात. बॉल थेट स्टंपवर, शिट्ट्या, टाळ्या... आणि हा खांदा धरून खाली बसलेला. मी धावत गेलो तर म्हणतो, "काही नाही दादा, नेहमीचंच आहे."

नेहमीचंच! सोळाव्या वर्षी खांदा दुखणं नेहमीचं? माझं डोकं सटकलं ते इथे.

गंमत बघा. ह्याच पोराचे वडील, म्हणजे आमचे मामा, थंडीत ट्रॅक्टर स्टार्ट केला की त्याला लगेच कांद्याची भरलेली ट्रॉली ओढायला लावत नाहीत. आधी इंजिन जरा चालू देतात. इंजिनला जी माया मिळते ती पोराच्या खांद्याला का नाही?

आता थोडं तांत्रिक. (इंजिनिअर आहे, सहन करा.) थ्रो हाताने होत नाही. जोर पायातून निघतो, कंबरेतून, पाठीतून वर येतो आणि खांदा, कोपर, मनगट करत बॉलपर्यंत पोचतो. बेसबॉलच्या पिचरचा खांदा बॉल फेकताना सेकंदाला सुमारे ७,००० अंश इतक्या वेगाने आत वळतो. आपली पोरं पिचर नाहीत, पण जात तीच. आणि बॉल सुटल्यावर काम संपत नाही, तेव्हा खरं सुरू होतं. त्या सुसाट हाताला ब्रेक लावतात ते खांद्याच्या मागचे छोटे छोटे स्नायू. थंड, आखडलेल्या अवस्थेत आपण त्यांना पहिलाच ब्रेक करकचून लावायला सांगतो.

अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा मुख्य फेकणारा. (हा खेळ आपल्याकडे अगदीच परका नाही. २०१२ साली इलाइट फुटबॉल लीग ऑफ इंडिया सुरू झाली तेव्हा तिच्यात पुणे मराठाज नावाची टीमसुद्धा होती.) ह्या खेळाडूंचा वॉर्म-अप मी पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं, अरे, हे तर युनिट टेस्टिंग आहे! आधी हलकं धावणं, हात गोल फिरवणं, रबर बँड ओढणं. घाम आल्यावर मग बॉल. उजव्या हाताने फेकणारा उजवा गुडघा जमिनीवर टेकतो आणि साधारण दहा पावलांवरच्या जोडीदाराकडे हळू फेकतो. पाय बाद झाले, त्यामुळे फक्त वरचं शरीर तपासलं जातं. मग उभं राहून, दोन्ही पाय समोर, नुसती कंबर वळवून. मग बाजूला वळून, पाऊल टाकून. मग पळता पळता. अंतर आणि जोर दोन्ही पायरीपायरीने वाढवायचं. ह्यासाठी जिम लागत नाही, पैसे लागत नाहीत. एक बॉल आणि एक मित्र लागतो.

आणि आपण? आपण कोड लिहून थेट प्रॉडक्शनला टाकतो. पहिलाच थ्रो बाउंड्रीवरून, फुल्ल जोरात.

ह्यावर ठरलेली उत्तरं येतात. एक, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं, काय झालं आम्हाला?" काका, ज्यांना काही झालं ते ग्राउंडवर यायचे बंद झाले, म्हणून तुम्हाला दिसत नाहीत. दोन, "खेड्यातली पोरं काटक असतात." नीरज चोप्रा हरियाणातल्या खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरातला. २०१९ साली त्याच्या कोपरावर मुंबईत शस्त्रक्रिया करावी लागली. ऑलिंपिकचं सोनं त्यानंतर, २०२१ ला. काटकपणा म्हणजे खांद्या-कोपराचा विमा नव्हे. तीन, "वेळ कुठे आहे?" टॉसवरून आणि वाइडवरून भांडायला आपल्याला अर्धा तास असतो. असो.

वॉर्म-अप केला की काहीच होणार नाही, असा माझा दावा नाही. रविवारी तीन-तीन मॅच खेळून हात मोडत असेल तर दहा मिनिटांचा व्यायाम काय करणार? पण नॉर्वेत हँडबॉलच्या खेळाडूंवर अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. वॉर्म-अपमध्येच खांद्याचे दहा मिनिटांचे व्यायाम, आठवड्यातून तीनदा. खांद्याच्या तक्रारींचा धोका २८ टक्क्यांनी कमी. आठवड्याला अर्धा तास!

आणि तुम्ही, हो तुम्हीच, हिंजवडीत आठवडाभर लॅपटॉपवर वाकून बसणारे आणि शनिवारी टर्फवर जाऊन पहिल्याच बॉलला जॉन्टी ऱ्होड्स होणारे! तुमचा खांदा गेला तर फिजिओचं बिल कदाचित कंपनीचा इन्शुरन्स भरेल, आणि सोमवारी टायपिंग तर करताच येईल. माझ्या भावाचं तसं नाही. आमच्या शेजारच्याच जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा झहीर खान भारतासाठी खेळला, हे त्याला पाठ आहे. त्याच्याकडे पुढे जायला एकच गोष्ट आहे, तो हात. आणि तो आपण सगळे मिळून फुकट घालवतोय, टाळ्या वाजवत.

नाशिकच्या फिजिओने त्याला सहा आठवडे थ्रो बंद सांगितला होता. ते संपल्यावर मी पुन्हा घरी गेलो आणि त्याला मागच्या अंगणात गुडघ्यावर बसवलं. दहा पावलांवर मी. दोन हळू थ्रो झाले आणि तो हसायला लागला, "दादा, पोरं बघतील ना!"

बघू देत की. त्यांनाच तर दाखवायचंय.