उभ्या पिकावर नांगर

‘ज्याचा पैसा, त्याचा निर्णय’ हे वाक्य हल्ली खेळाच्या संदर्भात सर्रास ऐकू येते. प्रशिक्षक का काढला, चांगला चाललेला खेळाडू का सोडला, असे कोणी विचारले की हे वाक्य तोंडावर फेकले जाते आणि विचारणारा ओशाळून गप्प बसतो. मला हे वाक्य मान्य नाही. का मान्य नाही, हे सांगण्यासाठी मी पुण्याच्या फुटबॉलचे उदाहरण घेणार आहे. ते आपल्याच जिल्ह्यातले आहे, त्यातील नावे व वर्षे सर्वांसमोर आहेत आणि त्याचा शेवट काय झाला हेही आता सर्वांना दिसते आहे.

बारामती-इंदापूरच्या वाचकाला प्रश्न पडेल की आपल्या भागाचा फुटबॉलशी काय संबंध? आपल्याकडे कुस्तीचा फड, कबड्डीचे मैदान आणि क्रिकेटचा चेंडू. बालेवाडीचे क्रीडासंकुल बारामतीपासून शंभर किलोमीटरहून दूर, इंदापूरपासून त्याहूनही दूर. हे खरे आहे. परंतु या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी जे शहाणपण लागते ते पुण्यापेक्षा आपल्याच शिवारात अधिक आहे, असे माझे मत आहे. सेमिनरीच्या मैदानावर गोव्याच्या आणि केरळच्या सोबत्यांबरोबर धावून धावून माझे गुडघे झिजले, त्यामुळे हा खेळ मला थोडाफार कळतो. पण ऊस ज्याला कळतो त्याला हा विषय माझ्याहून लवकर कळेल.

गाळप हंगाम संपला की साखर कारखान्यात बिगर हंगाम सुरू होतो. गिरणी खोलतात, रोलर उतरवतात, झिजलेला भाग बदलतात, बॉयलरच्या नळ्या तपासतात. पुढे रोलरपूजन होते, बॉयलर पेटतो आणि मोळी टाकली जाते. मैदानी संघांचाही असाच एक बिगर हंगाम असतो. कोणता खेळाडू ठेवायचा, कोणाला मोकळे करायचे, प्रशिक्षक तोच की नवा, हे त्या तीन-चार महिन्यांत ठरते. संघ मैदानात जिंकतो किंवा हरतो. पण तो घडतो किंवा मोडतो तो या काळात. दरवर्षी चीफ इंजिनिअर नवा, चीफ केमिस्ट नवा, शेतकी अधिकारी नवा आणि गिरणीही नवी, असा कारभार माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या सभासदांसमोर कोणी मांडून पाहावा. त्या संचालक मंडळाला सभेतून बाहेर पडायला मागचे दार शोधावे लागेल.

पुण्यात मात्र नेमके हेच झाले.

२००७ साली पुणे एफसी हा संघ पिरामल उद्योगसमूहाने उभा केला. तो आय-लीगमध्ये आला तो २००९-१० च्या हंगामात, आणि पहिल्याच वर्षी तिसरा राहिला. गोव्याचे डेरिक परेरा यांच्या हाती हा संघ चार हंगाम होता. चौथ्या हंगामात, २०१२-१३ मध्ये, चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग पुण्याचा संघ देशात दुसरा आला. एका शहराच्या सहा वर्षांच्या क्लबने याहून अधिक काय करावयाचे? तरीही त्याच उन्हाळ्यात प्रशिक्षक बदलला. एक डचमन आले, त्यानंतर एक मोरोक्कोचे गृहस्थ आले आणि २०१५ मध्ये क्लबच मिटला. डीएसके शिवाजियन्स हा दुसरा संघ आय-लीगमध्ये दोन हंगाम खेळला आणि २०१७ मध्ये तोही मागे फिरला.

या दोन्ही संघांपेक्षा मोठ्या थाटात २०१४ साली इंडियन सुपर लीगसाठी एफसी पुणे सिटी आला. वाधवान समूहाचा पैसा, हृतिक रोशनचे नाव, इटलीच्या फिओरेंटिना क्लबशी नाते. कशाचीच उणीव नव्हती. पहिल्या वर्षी प्रशिक्षक इटलीचे फ्रँको कोलोम्बा. दुसऱ्या वर्षी इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट. तिसऱ्या वर्षी स्पेनचे आंतोनियो हबास. चौथ्या हंगामात सर्बियाचे रांको पोपोविच. पाचव्या हंगामासाठी प्रथम ब्राझीलच्या मार्कोस पाकेटा यांचे नाव जाहीर झाले. ते एकही सामना न पाहता निघून गेले. मग स्पेनचे मिगेल आंखेल पोर्तुगाल आले आणि तीन सामन्यांनंतर घरी गेले. मध्ये प्रद्युम रेड्डी यांनी हंगामी कारभार पाहिला आणि शेवटी इंग्लंडचे फिल ब्राऊन. पाकेटांना सोडून मोजले तरी पाच हंगामांत सात माणसे संघाच्या कडेला उभी राहिली. आणि या सर्व धावपळीचे फळ काय? सहावा, सातवा, सहावा, चौथा, सातवा.

या रांगेतील ‘चौथा’ हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण माझा सारा रोष त्याच्यापाशी आहे. २०१७-१८ च्या हंगामात पोपोविच यांच्या हाताखाली पुणे सिटी प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. पुढच्या फळीत ब्राझीलचा मार्सेलिन्हो आणि उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो, गोलपोस्टमध्ये हिमाचलचा विशाल कैथ, डाव्या बाजूने धावणारा केरळचा आशिक कुरुनियन. बंगळूरूने त्यांना हरवले खरे. पण ज्याला शेती कळते त्याने या संघाकडे पाहून काय केले असते? आडसाली लागण जुलैत होते, पण तिचा ऊस कारखान्यात जायला सोळा-अठरा महिने लागतात, आणि तोडणी झाल्यावर फुटवे चांगले दिसले तर शेतकरी खोडवा राखतो. बेणे, मशागत, लागणीचा खर्च वाचतो. मुळे जमिनीत असतातच. उपांत्य फेरीत आलेला संघ हा राखण्याजोगा खोडवा होता. मालकांनी त्या उन्हाळ्यात प्रशिक्षक घालवला, नव्याच्या नेमणुकीचा खेळखंडोबा केला आणि उभ्या पिकावर नांगर घातला. पुढच्या हंगामाचा निकाल ऑक्टोबर संपण्यापूर्वीच लागला होता.

यावर कोणी म्हणेल, व्यावसायिक खेळात निकाल लागतात त्यावर माणसे टिकतात. भावनेला तेथे जागा नाही. उत्तम. मी निकालाबद्दलच बोलतो आहे. २०१९ मध्ये मालक समूह आर्थिक अडचणीत आला, पुण्याचा संघ बंद झाला आणि त्याची लीगमधील जागा हैदराबादला गेली. फिल ब्राऊन आणि बरेच खेळाडूही तिकडे गेले. पहिल्या हंगामात हैदराबाद तळाला राहिला. २०२० मध्ये मानोलो मार्केझ हे स्पॅनिश प्रशिक्षक आले. पहिल्या वर्षी त्यांचा संघ पाचवा आला, म्हणजे बाद फेरीबाहेर राहिला. पुण्याच्या रिवाजाप्रमाणे त्यांची गठडी तेव्हाच बांधली गेली असती. हैदराबादने त्यांना ठेवले. २० मार्च २०२२ रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून हैदराबादने चषक उचलला. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत वाढलेला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला. पुण्याने वाढवलेला मुलगा पुण्याच्याच गमावलेल्या जागेवर हैदराबादसाठी विजयी झाला.

हैदराबादला हा धडा परक्याने शिकवावा असे काही नव्हते. पेशाने शिक्षक असलेले सय्यद अब्दुल रहीम १९५० पासून १९६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक होते. त्या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळाले तेही रहीमसाहेबांच्याच हाताखाली.

आता मूळ वाक्याकडे येतो. ‘ज्याचा पैसा, त्याचा निर्णय.’ आपल्या भागातील माणसाने हे वाक्य बोलूच नये. आपल्या दोन्ही तालुक्यांची घडी ज्या सहकारी कारखान्यांनी बसवली, त्यांच्या घटनेतच या वाक्याला उत्तर आहे. सभासदाकडे शेअर एक असो वा पन्नास, मत एकच. सप्टेंबरमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभा होते, त्याआधी छापील अहवाल घरी येतो आणि दहावी नापास शेतकरी माइक हातात घेऊन अध्यक्षांना विचारतो की उतारा का घटला, तोडणीची पाळी का चुकली, अमुक अधिकारी का नेमला. सभेत गोंधळ होतो, गट पडतात, कधी खुर्च्याही उचलल्या जातात. सहकारातले दोष मला कोणी सांगायला नको. पण प्रश्न विचारण्याचा हक्क तेथे कोणाच्या मेहेरबानीवर नसतो आणि कारखाना एका रात्रीत उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेता येत नाही.

बालेवाडीच्या प्रेक्षकाला यातले काय होते? नारिंगी सदरा घालून तो ओरडला, त्याने तिकीट काढले, मुलाला खांद्यावर बसवून दाखवले की हा आपला संघ. प्रशिक्षक बदलले तेव्हा त्याला कोणी विचारले नाही. संघ बंद झाला तेव्हाही कोणी विचारले नाही. जो प्रशिक्षक न विचारता जातो, त्याच्या मागोमाग एक दिवस क्लबही न विचारता जातो. या दोन घटना वेगळ्या नाहीत. आणि हैदराबादच्या लोकांनी पुण्याची जागा मिळाल्याचा आनंद फार काळ मानू नये, असे तेव्हा कोणी सांगितले असते तर ते खरे ठरले असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तोच संघ दिल्लीला हलवला गेला आणि त्याचे नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाले. चषक जिंकून तीन-साडेतीन वर्षेच झाली होती.

एक आक्षेप माझ्यावर हमखास येणार, तो मीच मांडतो. ‘फादर, तुमच्याही बदल्या होतातच की! बिशपांचे पत्र आले की तुम्ही पेटी भरता. धर्मग्रामाला कोण विचारते?’ आक्षेप मार्मिक आहे. परंतु खिस्तसभेच्या कायद्याचे ५२२ वे कलम सांगते की धर्मगुरूला आपल्या धर्मग्रामात स्थैर्य असले पाहिजे आणि म्हणून त्याची नेमणूक सहसा अनिश्चित काळासाठी व्हावी. मुदत घालावयाची तर त्याला बिशप परिषदेची मुभा लागते. ५१५ वे कलम याहून महत्त्वाचे. धर्मग्राम नवा करणे, मोडणे किंवा त्यात मोठा फेरबदल करणे हे बिशपांच्या अधिकारात आहे, पण धर्मगुरूंच्या मंडळाचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून ते त्यांना करता येत नाही. बिशपांना जे बंधन आहे ते साबण-सिमेंट-घरकर्जाच्या व्यापाऱ्यांना असू नये काय? शिवाय धर्मगुरू गेला तरी वेदी, घंटा, दफनभूमी आणि माणसे जागच्या जागी असतात. पुण्यात प्रशिक्षक गेले आणि मग सारेच गेले.

मराठी मुलखात याहून निराळा फुटबॉल आहे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कोल्हापुरात पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने शाहू स्टेडियमवर होतात तेव्हा अर्धे शहर गोळा होते. तेथेही खेळाडू या तालमीतून त्या तालमीत जातात आणि रुसवेफुगवे होतात. पण पाटाकडील तालीम सांगलीला हलवली, असे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही, कारण तालीम पेठेची आहे. जर्मनीत तर याचा नियमच केला आहे: अपवाद वगळता क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मते सदस्यांच्या हाती राहिली पाहिजेत. आणि कोलकात्यात १८८९ सालच्या मोहन बागानच्या नावापुढे २०२० मध्ये एटीके ही अक्षरे लागली, तेव्हा समर्थक तीन वर्षे रस्त्यावर आणि मैदानात ओरडत राहिले. मार्च २०२३ मध्ये चषक जिंकल्याच्या रात्रीच मालकांना ती अक्षरे काढण्याची घोषणा करावी लागली. एटीके गेले, सुपर जायंट हे मालकांचे शेपूट राहिले, ते निराळे.

बालेवाडीच्या मैदानावर पुन्हा एखादा संघ उतरवण्याची हौस कोणा धनिकाला येईल. तो पोस्टर लावील, नट आणील, मुलांना फुकट टोप्या वाटील. त्या वेळी आपल्या भागातून बस भरून जाण्याआधी त्याला विचारावे: समर्थकांपैकी निवडून आलेले निदान दोन जण संचालक मंडळात बसतील काय? हंगामाच्या शेवटी प्रशिक्षक व खेळाडूंसंबंधीचा अहवाल छापून सभा भरेल काय? आणि संघ पुण्याबाहेर हलवायचा झाल्यास सभासदांचे मतदान होईल काय? याची उत्तरे त्याने लेखी द्यावीत. तोंडी आश्वासनाला काय किंमत असते, हे उसाची पहिली उचल ठरवताना आपण दरवर्षी पाहतोच.