आठवीनंतर ताटाकडे पाहतो कोण?

मूल अंगणवाडीत गेले की सरकार त्याचे वजन करते, दंडाचा घेर मोजते. शाळेत गेले की आठवीपर्यंत दुपारचे जेवण देते. राज्यात शालेय पोषण आहार 1995 पासून चालू आहे. आठवी सुटली की हा हात सुटतो. मग दोन-चार वर्षांत तेच मूल गाव सोडते आणि परभणीला, गंगाखेडला नाहीतर सेलूला खोली करून कॉलेजला जाऊ लागते. हाडे भरण्याची, अंगात ताकद येण्याची ही वर्षे. मुलींच्या शरीरातले लोह दर महिन्याच्या पाळीबरोबर कमी होत जाण्याचीही हीच वर्षे. नेमक्या या वयात पोरे काय खातात, किती खातात, की एखादी वेळ उपाशीच काढतात, हे विचारणारे कोणी उरत नाही. परभणी जिल्ह्यातल्या कॉलेजांनी, कृषी विद्यापीठाने आणि जिल्हा प्रशासनाने याकडे आता गंभीरपणे पाहिले नाही, तर पदव्या घेतलेली पण अंगात जीव नसलेली पिढी आपण उभी करणार आहोत.

परभणीत वसमत रोडच्या आतल्या गल्ल्यांत एकेका खोलीत तिघे-चौघे राहतात. सकाळी चहा आणि खारी, क्वचित पोहे. दुपारी कॉलेज आणि क्लासच्या मध्ये मिळालेल्या अर्ध्या तासात वडापाव नाहीतर कचोरी. संध्याकाळी पुन्हा चहा. रात्री मेस. ‘एक टाइम मेस लावली’ हे वाक्य इथली मुले इतक्या सहजपणे बोलतात की त्यातले दुखणे ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. एक टाइम म्हणजे दिवसातून एकच पूर्ण जेवण. बाकीचा दिवस मैदा, बटाटा, साखर आणि पुन्हा पुन्हा तापवलेले तेल यांवर. पोट भरलेले असते, म्हणून पोरगा उपाशी आहे असे कुणाला वाटत नाही. त्याला स्वतःलाही वाटत नाही.

त्या एका जेवणात तरी काय असते? चार चपात्या, रश्शाची बटाट्याची भाजी, ताटात पसरणारे पातळ वरण, थोडा भात. मेस चालवणाऱ्या मावशींना दोष देण्यात अर्थ नाही. तुरीची डाळ महागली की वरणात पाणी वाढते, कारण महिन्याचा दर वाढवला तर दहा पोरे मेस सोडतात. ताटात भाकरी का नसते, याचेही कारण साधे आहे. कणीक एकदा मळली की चपात्या भराभर लाटून होतात. भाकरीचे पीठ प्रत्येक वेळी नव्याने मळून हातावर थापावे लागते. साठ-सत्तर पोरांच्या भाकरी थापायला आणखी दोन बायका लागतात, आणि त्यांची मजुरी त्या दरात बसत नाही.

ज्यांचे गाव एसटीच्या रस्त्यावर आहे, त्यांच्यासाठी डबा येतो. पोराचे नाव आणि मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी फडक्याच्या गाठीत अडकवलेली असते. आत तीन भाकरी, शेंगदाण्याची नाहीतर कारळाची चटणी, हिवाळ्यात हरभऱ्याची नाहीतर करडईची भाजी. आहारशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर हा डबा शहरातल्या बहुतेक हॉटेलांच्या थाळीपेक्षा सरस ठरेल. पण गाडी चुकली, रद्द झाली, आई आजारी पडली किंवा घरची सगळी माणसे सोयाबीनच्या काढणीला गेली, की त्या दिवशी डबा येत नाही. आणि डबा आला तरी शहरात दोन वर्षे काढलेल्या मुलाला चारचौघांत भाकरी सोडायला संकोच वाटू लागतो. हा संकोच त्याला आपणच शिकवला आहे. गावात लग्नाच्या पंगतीतूनही आपण भाकरी घालवली.

या सगळ्यात सर्वाधिक झीज मुलींची होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. आधीच्या फेरीत हे प्रमाण 48 टक्के होते, म्हणजे ते वाढले. त्याच सर्वेक्षणाने परभणी जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या जवळपास निम्म्या स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे दाखवले. या जिल्ह्यात जी मुलगी कॉलेजपर्यंत पोहोचते, ती किती अडथळे ओलांडून आलेली असते, ते यावरून समजावे. तिने लग्न थांबवलेले असते, घरच्यांना राजी केलेले असते. आणि मग दुपारच्या तासाला तिचे डोके दुखते, जिना चढताना धाप लागते, वाचलेले लक्षात राहत नाही. ती म्हणते अभ्यासाचा ताण आहे. घरचे म्हणतात जागरण करते. हिमोग्लोबिन तपासण्याचे कुणाच्याही मनात येत नाही. शाळेत असताना आठवड्याला लोहाची गोळी तरी मिळायची. पदवीच्या वर्गात आल्यावर ती सवयही मोडते. त्यात जेवणावर लगेच चहा घेण्याची आपल्याकडची रीत. चहातली द्रव्ये अन्नातले लोह अंगी लागू देत नाहीत. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवले आणि भाजीवर लिंबू पिळले, तर त्याच ताटातून अधिक लोह मिळते. यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही, पण हे मुलींना सांगायला तर हवे.

आणि हे परभणीत घडावे, याची खंत मोठी आहे. 1972 मध्ये इथे कृषी विद्यापीठ उभे राहिले. आज ते वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखले जाते. त्याच परिसरात अन्नतंत्र महाविद्यालय आहे, आहार आणि पोषण शिकवणारे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. इथल्या ज्वारी पैदासकारांनी हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर काम करून ‘परभणी शक्ती’ हे वाण दिले. 2018 मध्ये प्रसारित झालेल्या या वाणात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा अधिक आहे. जैवसमृद्ध ज्वारीचे देशातले हे पहिले वाण. रक्त कमी असलेल्या लोकांसाठीच ते तयार केले गेले. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा या ज्वारीची खूप वाहवा झाली. पण शहराच्या नावाने निघालेली ती ज्वारी शहरातल्या मेसमध्ये कधी शिजणार? शेतकऱ्याला सोयाबीनचा रोख पैसा दिसतो, ज्वारीला खात्रीचे गिऱ्हाईक दिसत नाही. जिल्ह्यातल्या वसतिगृहांनी आणि मेसवाल्यांनी हंगामाआधी मागणी नोंदवली, तर ते गिऱ्हाईक इथेच आहे.

पैशाचा हिशेब टाळून या विषयावर बोलणे खोटेपणाचे ठरेल. शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळालेल्यांना जेवण मिळते. ज्यांना तो मिळत नाही, त्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्याला त्यात भोजनासाठी वर्षाला 25 हजार रुपये धरलेले आहेत. वर्षाच्या दिवसांनी भागले तर दिवसाला साडेअडुसष्ट रुपये. दहाच महिने धरले तरी 83. पुढे इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी आधार योजना आली, तेव्हाही तोच 25 हजारांचा आकडा उचलला गेला. आता याच शासनाने 2020 मध्ये शिवभोजन योजना सुरू करताना शहरातल्या एका थाळीची किंमत 50 रुपये धरली होती: दहा ग्राहकाचे, चाळीस सरकारचे. त्या थाळीत दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात. म्हणजे शासनाच्याच जुन्या दराने दोन वेळच्या साध्या थाळ्या शंभर रुपयांच्या होतात आणि विद्यार्थ्याच्या हाती दिवसाला सत्तर-ऐंशी पडतात. तेही हप्ता वेळेवर जमा झाला तर. 2024 मध्ये राज्याने आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, हे फार चांगले झाले. पण फी माफ झालेली मुलगी रात्री काय जेवते, हा प्रश्न त्या निर्णयाने सुटलेला नाही.

महाराष्ट्रात शिक्षण पसरवणाऱ्यांना ही गोष्ट पुरती उमगली होती. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 पासून वसतिगृहे उभी केली, कारण गावाकडच्या मुलाला राहायला-जेवायला मिळाले नाही तर शाळा असून उपयोग नाही, हे त्यांनी ओळखले होते. साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आजच्या संस्था इमारती बांधतात, कमानी उभारतात, नॅकच्या श्रेणीचे फलक लावतात; कॅन्टीनचा ठेका मात्र जास्त भाडे देणाऱ्याला जातो, आणि भाडे वसूल करायला तो तेच विकतो ज्यात नफा असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये उच्च शिक्षण संस्थांना परिसरात जंक फूड विकू नका, असे कळवले आहे. जिल्ह्यातल्या प्राचार्यांनी त्या पत्राची फाइल काढून आपल्या कॅन्टीनचा दरफलक शेजारी ठेवून पाहावा.

मुलांच्या बाबतीत एक वेगळी काळजी आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी शेकडो पोरे पहाटे मैदानावर धावतात. मैदानी चाचणीला 50 गुण, त्यातले 20 एकट्या 1600 मीटर धावण्याला. ही पोरे रात्री अर्धपोटी झोपलेली असतात आणि पहाटे नुसत्या चहावर धावतात. कुणी सांगितले म्हणून वीस रुपयांची एनर्जी ड्रिंकची बाटली पितात. त्या बाटलीवर दिवसाला 500 मिलिलिटरपेक्षा जास्त पिऊ नये, असे बारीक अक्षरात छापलेले असते. ते वाचतो कोण? कुणी जिममधल्या ओळखीवर हजारो रुपयांची पावडर आणतो आणि त्यासाठी मेस बंद करतो. पावडरीच्या डब्यापुढे साधा हिशेब मांडायला हवा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार वजनाच्या दर किलोला साधारण 0.83 ग्रॅम प्रथिने रोज लागतात, म्हणजे 55 किलोच्या तरुणाला सुमारे 46 ग्रॅम. कसरत करणाऱ्याला थोडी जास्त. दोन अंड्यांतून 12 ग्रॅम, 50 ग्रॅम फुटाण्यांतून दहा-अकरा, मूठभर शेंगदाण्यांतून सात. उरलेली गरज भाकरी, घट्ट वरण आणि उसळ भागवते. भिजवलेले हरभरे आणि गूळ खाऊन आखाड्यात उतरणारे पैलवान या भागाने पाहिले आहेत.

मुलींना तर मैदानच मिळत नाही. पहाटे रस्त्यावर धावायला घरमालकीण सोडत नाही, संध्याकाळी मैदान मुलांनी व्यापलेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2024 मध्ये ‘लॅन्सेट’ गटाच्या नियतकालिकात मांडलेल्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत आणि त्यात स्त्रियांचे प्रमाण अधिक आहे. संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटे सांगते. प्रत्येक कॉलेजने आपले मैदान रोज एक तास केवळ मुलींसाठी राखून ठेवले आणि तिथे क्रीडाशिक्षिका उभी केली, तर त्याला शासननिर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.

आमची मागणी साधी आहे आणि ती येत्या जूनच्या प्रवेशांपूर्वीची आहे. प्रवेशाच्या वेळी जातीचा दाखला, गुणपत्रक यांच्याबरोबर प्रत्येक मुलामुलीचे हिमोग्लोबिन तपासले जावे. परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हाभर प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत, हे काम अशक्य नाही. ज्यांचे कमी निघेल त्यांना गोळ्या द्याव्यात आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे, कारण दुसऱ्या तपासणीविना पहिली नुसती आकडेवारी ठरते. कॅन्टीनचा ठेका भाड्याच्या बोलीवर देणे बंद करून तो गावोगावच्या बचत गटांना द्यावा आणि करारातच भाकरी, उसळ, अंडी, ताक आणि हंगामी फळ लिहून घ्यावे. भाकरी थापण्याच्या मजुरीचा भार संस्थांनी उचलावा. स्वाधार आणि आधार योजनांतला भोजन भत्ता किमान शिवभोजनाच्या दोन थाळ्यांइतका करण्यासाठी जिल्ह्यातल्या आमदारांनी अधिवेशनात एकत्र उभे राहावे, आणि हा हप्ता सत्र संपल्यावर नव्हे तर सत्राच्या पहिल्या महिन्यात खात्यावर पडावा. कृषी विद्यापीठाने ‘परभणी शक्ती’चे बियाणे घेणाऱ्या शेतकऱ्यांची यादी मेसचालकांच्या हाती द्यावी. जिल्हाधिकाऱ्यांनी प्राचार्य, कुलगुरू आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांना एका टेबलावर बसवले, तर यातली निम्मी कामे याच महिन्यात सुरू होऊ शकतात.