चव देशी, दर्जा विदेशी

माझं गाव नवलाख उंबरे. मावळ तालुक्यात, तळेगावच्या पलीकडे, एमआयडीसीला खेटून. नावात नऊ लाख उंबरे आहेत, पण मोजायला निघालात तर दुपारच्या जेवणाआधी मोजून होतील. त्यामुळे भारी नाव ऐकलं की आधी मोजून बघायचं, ही खोड आम्हाला लहानपणापासून असते. ती खोड मी आज एका बाटलीला लावणार आहे.

बाटली टकीलाची. 'ब्लँको', म्हणजे न मुरवलेली, पाण्यासारखी पारदर्शक. किंमत सात हजारांच्या आसपास. पवना धरणाच्या काठावर, लोणावळ्याच्या व्हिलांमध्ये शनिवारी रात्री चौघं-पाच जण वर्गणी काढून अशी बाटली आणतात. मीठ आणि लिंबाबरोबर ती वीस मिनिटांत संपते. फोटो मात्र चोवीस तास स्टोरीवर राहतो. दुसऱ्या दिवशी कुणालाही विचारा, चव कशी होती? उत्तर एकच: 'एकदम स्मूथ.' म्हणजे चव लागलीच नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. न मुरवलेलं मद्य हे जिभेने पारखायला सगळ्यात सोपं आणि आपण ते सगळ्यात कमी पारखतो. परदेशी असेल तर किंमत बघून मान डोलावतो, आपल्याकडचं असेल तर नाव ऐकूनच नाक मुरडतो. दोन्ही वेळा जीभ सुट्टीवर.

आधी ही चीज काय आहे ते बघू. टकीला होते निळ्या अगावेपासून. आपल्याकडे बांधावर आणि रेल्वेच्या कडेला दिसणाऱ्या, दोर वळायला वापरतात त्या घायपाताच्या कुळातलंच हे झाड. ते तयार व्हायला साधारण सहा ते आठ वर्षं लागतात. मग पाती छाटून मधला अननसासारखा गड्डा काढतात, भाजतात, रस पिळतात, आंबवतात आणि बहुधा दोनदा भट्टीतून काढतात. 1974 पासून 'टकीला' हे नाव मेक्सिकोच्या ठरावीक भागासाठी राखीव आहे: हालिस्को हे पूर्ण राज्य आणि आणखी चार राज्यांतले काही तालुके. लाकडी पिंपात जास्तीत जास्त दोन महिने राहिली, तरी ती ब्लँकोच.

व्हिस्कीचा रंग, तिचा व्हॅनिलासारखा वास, तिचा गोडवा, यातलं बरंचसं पिंपाच्या लाकडाचं देणं असतं. ब्लँकोला तो आधार नाही. झाड कच्चं होतं की पक्कं, भाजणी नीट झाली का, भट्टीवाल्याने धार कुठे तोडली, सगळं उघडं पडतं. मेक्सिकोत धारेचे तीन भाग मानतात: डोकं, काळीज आणि शेपूट. सुरुवातीचा उग्र भाग आणि शेवटचा बेचव भाग बाजूला काढून काळीज ठेवायचं. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणजे अस्सल, असं आपण मिश्यांना पीळ देत म्हणतो. जाणता भट्टीवाला मात्र अगदी पहिली धार फेकून देतो.

आता पारख. मीठ-लिंबू बाजूला ठेवा, ते चव लपवायला असतं. साधा छोटा ग्लास घ्या, फ्रीजमधला नको. नाक आत खुपसू नका, कडेवर धरा. चांगल्या ब्लँकोला उकडलेल्या रताळ्यासारखा, किंचित धुरकट गोड वास येतो. मागून मिरी, लिंबाची साल, ओली माती. दोन थेंब तळहातावर चोळून वास घ्या. आमच्याकडे बायका तांदूळ घेताना हेच करतात. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून 1987 मध्ये आलेला इंद्रायणी त्या पोत्यावरच्या छापावरून घेत नाहीत. मूठभर दाणे हातात चोळतात, नाकाला लावतात आणि व्यापाऱ्याला सांगतात, 'हा नाही, खरा दाखव.' तांदळाला जी नजर, ती दारूला का नाही?

लेबलही वाचा. '100 टक्के अगावे' लिहिलेलं नसेल, तर त्यातली 49 टक्क्यांपर्यंत साखर उसासारख्या दुसऱ्या कशाची असू शकते. 'नॉम' या अक्षरांपुढे चार आकडे असतात, तो कारखान्याचा क्रमांक. फोनवर तो टाका. कितीदा तरी दिसेल की वेगवेगळ्या दिमाखाच्या, वेगवेगळ्या भावाच्या बाटल्या एकाच कारखान्यातून निघतात. काही मोठे कारखाने गड्डा आधी भाजत नाहीत. यंत्रात चिरून गरम पाण्याच्या माऱ्याने साखर धुऊन काढतात. माल जास्त निघतो, झाडाचा स्वाद कमी होतो. आणि न मुरवलेल्या दारूला केकसारखा व्हॅनिलाचा वास येत असेल तर विचारा: लाकूड नाही, मग व्हॅनिला आली कुठून?

मी ती सात हजारांची बाटली अशी पारखली. रताळं होतं, मिरी होती, शेवट स्वच्छ होता. मद्य चांगलं आहे, खोटं नाही. पण सात हजारांचं? आयात मद्यावर केंद्राचं भरभक्कम शुल्क, त्यावर राज्याचा कर, मग वितरक, जाड काच, लाकडी बूच, जाहिरात. म्हणजे तुमच्या पैशातला मोठा हिस्सा जिभेपर्यंत पोचतच नाही. ही किंमत म्हणजे चव नव्हे, पावती आहे. माझ्या जिभेने दिलेला भाव विचाराल तर दोन हजार.

इथवर पटलं असेल, तर आता पुढचा प्रश्न. हीच पारख मोहाच्या दारूला लावाल का?

मोहाची दारूही न मुरवलेली. झाडाखाली पडलेली फुलं वेचायची, वाळवायची, आंबवायची, भट्टीतून काढायची. नीट काढलेल्या मोहाला मनुकांचा, सुक्या फुलांचा गोड वास असतो. तिलाही लपायला जागा नाही. फरक एवढाच की हालिस्कोच्या भट्टीवाल्याचा फोटो लेबलवर छापतात आणि इथल्या भट्टीवाल्याचा पोलिसांच्या बातमीत.

हे चवीने ठरलेलं नाही. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या मोडून मद्य सरकारी मक्त्याखाली आणलं. 1892 मध्ये ठाणे, कुलाबा भागासाठी खास मोहाचा कायदा आला आणि दारू तर सोडाच, फुलं जवळ बाळगण्यावरही बंधनं आली. कशासाठी? महसुलासाठी. कातकरी, ठाकर, वारली यांच्या घरातली वस्तू एका सहीने चोरीची झाली. इंग्रज गेले, 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला, पण उतरंड तशीच राहिली. आजही महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना देशीला 2 रुपये, विदेशीला 5 रुपये. प्रतिष्ठेचा सरकारी दरच म्हणा ना.

आणि खरी गंमत 2022 ची. राज्य मंत्रिमंडळाने काजूबोंडं आणि मोहफुलांपासून बनणाऱ्या मद्याचा दर्जा वाढवायचं ठरवलं. कसा? त्याला 'देशी'ऐवजी 'विदेशी मद्य' म्हणायचं! सह्याद्रीतलं फूल, सिंधुदुर्गातलं बोंड, दोन्ही विदेशी. कारण आपल्या कायद्याच्या भाषेत 'देशी' या शब्दाला चांगला अर्थच उरलेला नाही. तिकडे गोव्याने काय केलं? काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं आणि 2016 मध्ये तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं. मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला 'हेरिटेज' म्हटलं आणि अलीराजपूर, दिंडोरीच्या आदिवासी गटांच्या हाती ते दिलं. आंध्रातल्या चित्तूरकडे दख्खनी अगावेपासून बनलेली 'डेस्मंडजी' 2011 पासून गोव्यात विकली गेली, टकीला हे नाव न लावता. म्हणजे जमतं. करायची इच्छा लागते.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला: हातभट्टीने माणसं मरतात. खरं आहे. 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली. पण ती मोहाने नाही, मिथेनॉलने गेली. कारखान्यातलं विष दारू म्हणून विकलं गेलं. आज हातभट्टी म्हणून जे मिळतं ते बहुतेक काळा गूळ आणि नवसागर. त्याचं समर्थन मी करत नाही. उलट माझा मुद्दा हाच आहे: ज्या भट्टीला परवाना नाही, तपासणी नाही, लेबल नाही, तिथे भेसळ कोण पकडणार? हालिस्कोची दारू सुरक्षित आहे ती तिथली माणसं पुण्यवान आहेत म्हणून नव्हे, प्रत्येक बाटलीवर कारखान्याचा क्रमांक आहे म्हणून.

दुसरा आक्षेप बायकांचा, आणि तो मी मान खाली घालून ऐकतो. गडचिरोलीत 1993 मध्ये दारूबंदी आली ती लोकांच्या, विशेषतः बायकांच्या लढ्यातून. गावोगाव मतदानाने बाटली आडवी झाली. घरातला पगार दारूत जातो तेव्हा ती मोहाची की मेक्सिकोची, याने त्या बाईला फरक पडत नाही. म्हणून निर्णय तिच्या हातात हवा. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर नियंत्रणाचा आणि गौण वनोपजावर मालकीचा अधिकार दिला आहे. मोहफूल हे गौण वनोपजच. ज्या ग्रामसभेला नको, तिथे नको. जिला हवं, तिला छोट्या भट्टीचा परवाना, प्रयोगशाळेची तपासणी, बाटलीवर गावाचं नाव आणि क्रमांक द्या. नफा फुलं वेचणाऱ्यांच्या गटाला जाऊ द्या. मोठ्या कारखान्याला 'विदेशी'चा शिक्का देऊन हे होणार नाही. तिथे आदिवासी फक्त किलोच्या भावाने फुलं विकत राहील.

तुम्ही पिऊच नका, असं म्हणालात तर माझी अजिबात हरकत नाही. आणि पंचविशीच्या आत असाल तर कडक मद्य कायद्यानेच बंद आहे. पण पिणार असाल तर एकदा करून बघा. गोव्याला जाल तेव्हा एक चांगली फेणी घ्या, एक मोठ्या नावाची ब्लँको घ्या. दोन्ही पारदर्शक. मित्राला सांगा, पाठ फिरवून ग्लासात ओत. मग भाव सांगा, आणि त्यानंतरच नाव विचारा.