काही होत नाही, साहेब!

पूर्वी मोटारीला दोन डोळे असत आणि त्या दोन्ही डोळ्यांनी तिला स्वतःला काही दिसत नसे. ते समोरून येणाऱ्याला दिपवण्यासाठी असत. पाहण्याचं काम गाडी चालवणाऱ्याचं आणि त्याला सूचना देण्याचं काम शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींचं, अशी सुटसुटीत वाटणी होती. ‘अहो, हळू!’, ‘अहो, म्हैस!’, ‘अहो, लक्ष कुठाय तुमचं?’ ही यंत्रणा घरचीच असल्यामुळे तिला वायर लागत नसे, बॅटरी लागत नसे, आणि ती बंद करण्याचं बटण तर आजवर कुणालाच सापडलेलं नाही.

आता मोटारीला तिसरा डोळा आला आहे. पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला, आरशामागे, एका लहानशा डबीत हा कॅमेरा बसवलेला असतो. तो रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषा वाचतो, पुढची गाडी किती दूर आहे याचा अंदाज घेतो, मध्येच कुणी आडवं आलं तर आधी ओरडतो आणि आपण ऐकलं नाही तर गाडीला ब्रेक मारायला लावतो. या सगळ्या व्यवस्थेला ‘अ‍ॅडास’ म्हणतात. नाव ऐकून एखादा ग्रीक पैलवान डोळ्यांपुढे येतो. पण काम आपल्या शंकराच्या तिसऱ्या डोळ्याच्या बरोब्बर उलट आहे. तो डोळा उघडला की समोरचा भस्म होतो. हा नीट उघडा राहिला तर समोरचा वाचतो.

आणि हा डोळा काही फक्त विलायती गाड्यांच्याच कपाळी असतो असं समजू नका. २०२१ साली महिंद्रांची एक्सयूव्ही ७०० हा डोळा घेऊन बाजारात आली ती आमच्या चाकणच्या कारखान्यातून. २०२३ साली टाटांच्या हॅरिअरला तो मिळाला. ती गाडी पिंपरीची. आमच्या पट्ट्यात लग्नाच्या पंगतीला बसलात तर डाव्या हाताला गिअरबॉक्स आणि उजव्या हाताला ब्रेक-लायनिंग जेवत असतं, आणि समोर मठ्ठा मागणारे गृहस्थ तीस वर्षं सायलेन्सरमध्ये काढून निवृत्त झालेले असतात. म्हणजे पिंपरी-चिंचवड आणि चाकण हे या तिसऱ्या डोळ्याचं माहेर. माहेरीच त्याची जी आबाळ चालली आहे, तिच्याबद्दल मला आज भांडायचं आहे.

भांडणाचं निमित्त म्हणाल तर एक खडा. मोशीच्या पुढे एका डंपरने तो मला सप्रेम भेट दिला. काचेला आधी चांदणी पडली, मग त्या चांदणीला शेपूट फुटलं, आणि आठवड्याभरात काचेवर कोकणातल्या नद्यांचा नकाशा तयार झाला. काच बदलायला दिली. तासा-दोन तासांत दोन चटपटीत पोरांनी जुनी काढली, नवी चिकटवली, कॅमेरा पुन्हा खोबणीत बसवला आणि हात पुसले. मी विचारलं, ‘‘आणि कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन?’’

‘‘काही होत नाही, साहेब. बोर्डावर लाइट लागलाय का? नाही ना? मग झालं तर!’’

‘काही होत नाही, साहेब’ हे वाक्य आपल्या सार्वजनिक जीवनाचं ब्रीदवाक्य व्हायला हरकत नाही. अर्थिंग न देता गीझर जोडणारा हेच म्हणतो. हेल्मेट डोक्याऐवजी कोपराला घालून भोसरीच्या पुलावरून उलटा येणारा हेच म्हणतो. या वाक्याची गंमत अशी की ते शंभरातल्या नव्याण्णव वेळा खरं ठरतं. शंभराव्या वेळी ज्याला काही होतं, तो हे वाक्य खोडून काढायला जागेवर नसतो.

दुकानातून मी गाडी नेली ती कॅलिब्रेशन करणाऱ्या वर्कशॉपात, आणि तिथे गेल्यावर हा मामला काय आहे ते उमगलं. हा कॅमेरा काचेला धरून असतो. काच नवी आली, चिकटताना केसभर वरखाली बसली, की कॅमेऱ्याची नजरही तेवढीच वरखाली किंवा डावीउजवीकडे वळते. किती? समजा, एक अंश. घड्याळातला मिनिटकाटा दहा सेकंदांत सरकतो, तेवढं अंतर. टक लावून पाहिलंत तरी तो हलला असं तुम्ही शपथेवर सांगू शकणार नाही. पण हाच एक अंश १०० मीटर पुढे गेला की पावणेदोन मीटरचा होतो. आपल्याकडे महामार्गाची एक लेन साधारण साडेतीन मीटरची. म्हणजे नजर अर्धी लेन चुकली. पलीकडच्या लेनमधला टेम्पो याला आपल्या पुढ्यात दिसणार आणि आपल्या पुढ्यातला स्कूटरवाला पलीकडे गेलेला वाटणार. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर पळते. एवढ्या वेळात कॅमेऱ्याने ‘हा आपला की परका’ असा विचार करत बसणं परवडत नाही. आणि बोर्डावरचा दिवा? कॅमेरा पाहतो आहे एवढंच तो फार तर सांगेल. बरोबर ठिकाणी पाहतो आहे की नाही, हे दरवेळी त्याला कळेलच असं नाही. चुकीचा नंबर लागलेला चष्मा घातलेल्या माणसालाही आपण आंधळे आहोत असं कुठे वाटतं?

म्हणून या डोळ्याला पुन्हा सरळ बघायला शिकवावं लागतं आणि त्याची जी पूर्वतयारी असते ती सत्यनारायणाच्या पूजेपेक्षा तसूभरही कमी नाही. आधी काच चिकटवणारं सीलंट पुरतं सुकू द्यायचं. काच आतून-बाहेरून लख्ख पुसायची. कॅमेऱ्यापुढे फास्टॅग नको, सोसायटीचं पार्किंगचं स्टिकर नको, आरशाला लोंबणारं लिंबू-मिरची तर नकोच नको. चारी चाकांत कंपनीने सांगितली आहे तेवढीच हवा. व्हील अलाइनमेंट आधी तपासून घ्यायचं, कारण गाडीच तिरकी चालत असेल तर डोळा सरळ करून काय उपयोग? टाकीत इंधन किती हवं तेही कंपनीच्या पुस्तकात पाहायचं. कित्येक गाड्यांना ती भरलेली लागते.

आणि डिकी पूर्ण रिकामी करायची. मध्यमवर्गीय मराठी माणसाची डिकी रिकामी करणं म्हणजे वडिलोपार्जित वाड्याची वाटणी करण्यासारखं आहे. आमच्या डिकीतून एक सतरंजी, तीन छत्र्या (पैकी आमची एक), चाकणच्या बाजारातून आणलेलं कांद्याचं अर्धं पोतं, रद्दीत घालायचं राहिलेलं रद्दीचं बाड आणि पुतण्याच्या मुंजीतला चौरंग एवढा ऐवज निघाला. वर्कशॉपमधल्या पोराने तो एका बाजूला शांतपणे रचला. ‘‘मागे वजन असलं की गाडी मागून दबते, काका. नाक वर होतं. कॅमेरा आभाळ बघतो,’’ तो म्हणाला. मला त्या पोराचं कौतुक वाटलं. कांद्याच्या पोत्याचा आणि रस्त्यावरच्या माणसाच्या जिवाचा संबंध इतक्या थोड्या शब्दांत मला आजवर कुणी सांगितला नव्हता.

एवढं झालं की गाडी सपाट फरशीवर उभी करायची. सपाट म्हणजे आपल्या बिल्डरच्या ब्रोशरमधली सपाट नव्हे. गवंड्याची पाणसळ ठेवली तर बुडबुडा मध्यावर राहील अशी. स्टिअरिंग सरळ, दारं बंद, आत कुणी बसायचं नाही, उजेड सारखा. मग गाडीची मध्यरेषा काढून समोर ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या उंचीवर, काळ्या-पांढऱ्या नक्षीचा एक फलक मांडायचा. कॅमेरा त्या फलकाकडे पाहतो, कॉम्प्युटर कॅमेऱ्याकडे पाहतो, आणि आपण मुलीच्या बापासारखे दोघांकडे पाहत कोपऱ्यात उभे. काही गाड्यांना हा फलक पुरतो. काहींना त्याऐवजी, किंवा त्याच्यानंतर, रस्त्यावर न्यावं लागतं. दोन्ही बाजूंना स्वच्छ रेषा असलेल्या रस्त्यावरून ठराविक वेगाने काही किलोमीटर सलग चालवलं, की त्या रेषा पाहून कॅमेरा आपली नजर नीट करून घेतो.

इथे आमच्या त्या हुशार पोराचा चेहरा पडला. दोन्ही बाजूंना स्वच्छ रेषा, आणि न थांबता काही किलोमीटर! चाकणात!

१६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणच्या संग्रामदुर्गापाशी शाएस्तेखानाच्या अफाट फौजेला जवळजवळ दोन महिने अडवून धरलं होतं. ती परंपरा आज तळेगाव चौक आणि आंबेठाण चौक या दोघांनी वाटून घेतली आहे. रेषांचं म्हणाल, तर कुठे रेषा आहे पण रस्ता नाही, कुठे रस्ता आहे पण रेषा नाही, आणि कुठे जुनी रेषा, तिच्यावर तिरकी नवी रेषा आणि दोघींवर केबलवाल्याने खणून बुजवलेला चर. कॅमेऱ्याने यातलं काय वाचावं? मोडी वाचणारी माणसंसुद्धा कपाळाला हात लावतील. शेवटी त्या पोराने गाडी काढली ती थेट मुंबईच्या द्रुतगती मार्गाकडे. ज्या गावच्या कारखान्यात गाडीला डोळा बसतो, त्या गावच्या रस्त्यावर तो उघडत नाही. त्यासाठी पोरीला परगावी न्यावं लागतं!

आता खरं भांडण. आमच्या शेजारी टूलरूममधून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग हे ते अशा आवाजात सांगतात, की आपला जन्म सेंटिमीटरात फुकट गेला असं वाटावं. कारखान्यात प्रत्येक व्हर्निअरवर, प्रत्येक मायक्रोमीटरवर, प्रत्येक गेजवर एक छोटं स्टिकर असतं. केव्हा तपासलं, पुन्हा केव्हा तपासायचं, याच्या तारखा त्यावर असतात. तारीख उलटली की ते गेज बाजूला ठेवायचं. ‘काही होत नाही, साहेब’ म्हणणाऱ्याला तिथे साहेब काय म्हणतात ते छापता येण्यासारखं नाही. भोसरीतल्या एका शेडमध्ये जॉब वर्क करणाऱ्या आठ माणसांच्या कारखान्यालाही हा नियम मोडून चालत नाही. माल परत येतो.

संध्याकाळी हीच माणसं गेटबाहेर पडतात. दिवसभर केसाच्या जाडीचा हिशेब ठेवलेला माणूस फूटभर खड्ड्यातून स्कूटर घालतो. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधक कसा असावा हे लिहून ठेवलं आहे: ३.७ मीटर लांब, १० सेंटिमीटर उंच, वर काळे-पांढरे पट्टे. रस्त्यावरच्या रेषांसाठीही तिचं वेगळं पुस्तक आहे. आमच्या गल्लीतला गतिरोधक कुठल्या पुस्तकातून घेतला ते कळायला मार्ग नाही. बहुधा सह्याद्रीच्या भूगोलातून घेतला असावा. आदल्या दिवशी पैसे मोजून केलेलं अलाइनमेंट त्याच्यावर दुसऱ्या दिवशी विसर्जित होतं. १९८२ साली महापालिका झालेलं, श्रीमंतीसाठी आशियाभर नावाजल्याचं कौतुक मिरवणारं हे शहर! याला माप येत नाही असं कोण म्हणेल? माप येतं, पण ते गेटच्या आत ठेवून आपण घरी जातो.

यावर एक पक्ष म्हणतो, ‘‘मग हे कॅमेरे हवेतच कशाला? नुसते पीक-पीक करतात. आम्ही बटण दाबून बंदच करून टाकलंय.’’ या पक्षाला माझं सांगणं असं, की रेषा नसल्या तर लेनचं काम अडेल, पण माणूस ओळखायला कॅमेऱ्याला रेषा लागत नाही. रात्री तिसरी पाळी करून, बिनदिव्याच्या सायकलवरून कुरुळीकडे जाणारा माणूस तुम्हाला दिसण्याआधी त्याला दिसू शकतो. मात्र तो सरळ पाहत असला तर! वाकड्या नजरेचा कॅमेरा नसलेल्या कॅमेऱ्यापेक्षा वाईट, कारण नसलेल्यावर आपण विसंबत नाही. तेव्हा काच बदलायची वेळ आली की आधीच विचारा: कॅलिब्रेशन कोण करणार, कुठे करणार, त्याचा रिपोर्ट देणार का, आणि बिलातली ती ओळ विमावाले मान्य करणार की नाही. काच बसल्यावर विचारलंत तर उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे.

दुसरी मागणी रस्तेवाल्यांकडे. आम्ही आमच्या बाजूने काच पुसली, हवा भरली, कांदे उतरवले. आता तुम्ही तुमच्या बाजूची तयारी करा. फार नको. रस्त्यावर मारलेल्या प्रत्येक रेषेच्या सुरुवातीला एक तारीख रंगवा: केव्हा मारली आणि पुन्हा केव्हा मारायची. आठ माणसांच्या शेडला जे जमतं ते महापालिकेला आणि महामार्गवाल्यांना जमायला हरकत नसावी. तारीख उलटली, रेषा पुसली, तर तो रस्ता ‘रिजेक्ट’, ठेकेदाराचं बिल परत! आमच्या टूलरूमवाल्या शेजाऱ्यांना ही कल्पना फार पसंत पडली. त्यांनी फक्त एक शंका काढली: तारखेचा रंग तरी पावसाळाभर टिकेल ना?